छपराखालचा बाळंतिणींचा वॉर्ड: अहमदाबाद, उन्हाळा २०१०

सरसपूर हा अहमदाबादचा जुना गिरण्यांचा भाग. तिथलं महापालिकेचं शारदाबेन रुग्णालय हे आसपासच्या कामगार वस्त्यांमधल्या बायकांचं बाळंतपणाचं ठिकाण. २०१० च्या उन्हाळ्यात इथल्या वॉर्डांत वातानुकूलन नव्हतं आणि बाळंतिणींचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता.

त्या मे महिन्यात शहराचा पारा ४६.८ अंशांपर्यंत चढला. महिनाभरात शहरात ४,४६२ मृत्यू नोंदले गेले. आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यांशी ताडून पाहिलं तर हा आकडा १,३४४ ने जास्त भरतो. रुग्णालयात याच लाटेचं वेगळं रूप दिसलं. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत उष्णतेमुळे नवजात अतिदक्षता कक्षात, म्हणजे एनआयसीयूत, २४ बाळं दाखल करावी लागली. २००९ मध्ये याच काळात ती ८ होती, २०११ मध्ये ४. ही बाळं काही रस्त्यावर उन्हात फिरलेली नव्हती, रुग्णालयातच जन्मून आईशेजारी झोपलेली होती.

२०१० नंतर वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला गेला. यंत्रखरेदी नाही, नवी इमारत नाही, फक्त जागा बदलली. पुढे तिन्ही वर्षांच्या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहता आल्या. एक, कमाल तापमान ४२ च्या वर गेलं की दर अंशामागे उष्णतेमुळे एनआयसीयूत दाखल होणारी बाळं ४३ टक्क्यांनी वाढत होती. दोन, तापमानाचा हिशेब बाजूला काढला तरी वॉर्ड खाली नेल्याचा फायदा उरतच होता. हा दुसरा मुद्दा महत्त्वाचा. नाहीतर २०११ चा उन्हाळा मुळातच सौम्य होता, म्हणून बाळं कमी दाखल झाली, असं कुणीही म्हणू शकलं असतं.

४३ टक्के म्हणजे किती, तेही पाहू. ही वाढ चक्रवाढीने चालते. ४२ वरून ४५ वर गेलं की दाखल होणारी बाळं जवळजवळ तिप्पट होतात. आकडे थोडे असल्यामुळे अंदाजाची पट्टी मात्र रुंद आहे: दर अंशामागे ९ टक्क्यांपासून ८८ टक्क्यांपर्यंत. म्हणून ४३ हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. दिशा पक्की आहे, वेग अंदाजाचा आहे.

छप्पर काय करतं

वरचा मजला तापतो हे सगळ्यांना माहीत असतं. किती आणि केव्हा, हे सहसा कुणी मोजत नाही, आणि उपाय चुकतात ते तिथेच.

मे महिन्यात भर दुपारी सपाट गच्चीवर चौरस मीटरला साडेनऊशे वॉटच्या आसपास ऊन पडतं. गळती थांबवण्यासाठी गच्चीवर डांबरी थर दिलेला असेल तर त्यातलं नव्वद टक्के ऊन तो शोषून घेतो. बाहेरची हवा ४४ अंश असताना हिशेबाने अशा गच्चीचा पृष्ठभाग ७५ ते ८० अंशांपर्यंत जातो. त्याच ठिकाणी पांढऱ्या चकचकीत फरशीचे तुकडे असतील तर ५५ च्या आसपास थांबतो. पांढऱ्यावर धुळीचा थर बसला की पुन्हा साठीच्या पुढे. अहमदाबाद काय किंवा नागपूर-चंद्रपूर काय, एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांत गच्ची मातकट होते. पांढऱ्या गच्चीचा अर्धा फायदा झाडूवाल्याच्या हातात असतो.

ही उष्णता लगेच खाली उतरत नाही. दीडशे मिलिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब तिला चार-पाच तास अडवतो, वर विटांचा कोबा असेल तर आणखी जास्त. त्यामुळे छताची आतली बाजू सर्वांत जास्त तापते ती संध्याकाळी पाच ते रात्री नऊच्या दरम्यान. वॉर्डात दुपारी बाराला तापमान बघून ‘ठीक आहे’ अशी नोंद करणारा माणूस हा काळ हुकवतो. भेटीची वेळही नेमकी संध्याकाळची. बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता टाकतो. तीस खाटांच्या वॉर्डात प्रत्येकीजवळ दोन नातेवाईक बसले तर सहा हजार वॉट झाले. ही उष्णता बाहेर काढायला पावणेदोन टनाचा एसी लागेल.

दुसरी गल्लत तापमापकाची. भिंतीवर टांगलेला तापमापक हवेचं तापमान सांगतो. खाटेवरच्या माणसाला हवेइतकीच वरच्या छतातून किरणांनी येणारी उष्णता भाजत असते. हवा ३८, भिंती ३८ आणि छत ४६ अंश असेल, तर छताखाली उताण्या झोपलेल्या बाळाला जाणवणारं तापमान चाळिशीजवळ जातं. तापमापक मात्र ३८ च दाखवतो. यासाठी काळ्या गोळ्याचा तापमापक वापरतात. तो नसेल तर टेबल टेनिसच्या चेंडूला बिनचमकीचा काळा रंग द्यायचा, आत तापमापकाचं टोक घालायचं, भोक बंद करायचं आणि गादीच्या उंचीवर, जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर, टांगायचं. साध्या आणि काळ्या तापमापकातला फरक दोन अंशांहून जास्त निघाला तर दोष हवेचा नाही, छताचा किंवा पश्चिमेच्या भिंतीचा आहे हे समजावं.

छताच्या पंख्याची गोष्ट यातूनच येते. हवा अंगाच्या तापमानाखाली असेल तोवर पंखा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा ३६-३७ च्या वर गेली की तोच पंखा अंगात उष्णता घालू लागतो, आणि वर छताला चिकटून असलेली सर्वांत तापलेली हवा खाली ढकलतो. मोठ्या माणसाला घाम येतो, तो वाळतो, म्हणून तरीही बरं वाटतं. नवजात बाळाला मात्र ही सोय जवळजवळ नसते.

बाळाच्या बाजूने

वजनाच्या मानाने नवजात बाळाच्या त्वचेचं क्षेत्र मोठ्या माणसाच्या अडीच-तीन पट असतं. उष्णता आत येते तीही तितक्याच वेगाने. घाम कमी येतो आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर जवळजवळ येतच नाही. ते कूस बदलू शकत नाही, अंगावरचं पांघरूण ढकलू शकत नाही, पाणी मागू शकत नाही.

त्यात आपल्या पद्धतींची भर. आई-आजींच्या हिशेबी बाळ म्हणजे गुंडाळून ठेवायची गोष्ट: लंगोट, झबलं, त्यावर दुपटं, डोक्याला टोपरं किंवा कुंची, पायात मोजे. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून तिचे कान बांधलेले, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजी उठून पंखा बंद करतात. हिवाळ्यात जन्मलेल्या बाळासाठी यातलं बरंचसं योग्यच आहे. सरकारी प्रशिक्षणातही वर्षानुवर्षं भर राहिला तो बाळ गार पडू न देण्यावर, आणि त्याने जीव वाचलेही. पण वॉर्ड ३७ अंशांवर असताना टोपरं घालणं म्हणजे उष्णता बाहेर टाकायचा बाळाचा सर्वांत मोठा मार्ग बुजवणं. डोकं हा बाळाच्या शरीराचा मोठा भाग आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार नवजाताचं काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ हवं. ३७.५ च्या वर गेलं की ते तापलेलं समजायचं. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. बाळ तापलं आहे ते हवेने की जंतुसंसर्गाने? संसर्ग समजून उपचार सुरू केले तर रक्ततपासणी, सलाइन, प्रतिजैविकं, आईपासून ताटातूट. हवेने तापलं समजून थांबलो आणि निघाला संसर्ग, तर जीव जाऊ शकतो. खाटेपाशी उपयोगी पडणारी एक खूण आहे. हवेने तापलेल्या बाळाचे हात-पाय पोटाइतकेच गरम असतात, अंग लालसर असतं, हात-पाय पसरलेले असतात. संसर्गाच्या तापात पोट गरम आणि तळपाय गार लागतात. बोटांनी एकदा पोट आणि लगेच तळवा चाचपायला दहा सेकंद पुरतात. पण ही खूण आहे, निदान नव्हे. कपडे सैल करून, गार जागी नेऊन, अंगावर पाजल्यावर अर्ध्या-एक तासात तापमान उतरायला हवं. उतरलं नाही, किंवा बाळ मलूल आहे, दूध ओढत नाही, तर संसर्ग धरूनच पुढे जायचं.

हवेने तापलेल्या बाळाला पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. मेंदूतला तापमानाचा ठरलेला बिंदू वर सरकलेला नसतो, शरीरात बाहेरून उष्णता साचलेली असते. पाणी पाजायचं नाही, अंगावरचं दूध जास्त वेळा द्यायचं. पाणी आईला पाजा, तिच्या अंगातलं पाणी घामाने जात असतं. वजन रोज एकाच काट्यावर करायचं: जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर बाळ कोरडं पडत आहे, आणि तेव्हा रक्तातलं सोडियम बघावंच लागतं.

एनआयसीयूत नेलं म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. बाळपेटी खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. तिच्यातली हवा नेहमी खोलीच्या दोन-तीन अंश वरच राहते. खोली ३५ असेल तर पेटी ३७-३८. तिथे बाळाला पेटीबाहेर ठेवलेलं बरं. वॉर्मर, म्हणजे बाळाला वरून ऊब देणारं यंत्र, हाताने ठरवलेल्या जोरावर चालू ठेवून विसरणं ही उन्हाळ्यातली नेहमीची चूक. त्वचेवरचा संवेदक लावून ३६.५ वर स्वयंचलित ठेवला तर गरज नसताना तो स्वतःच बंद राहतो. संवेदक सुटून गादीवर पडला तर मात्र बाळ गार आहे असं समजून वॉर्मर पेटत राहतो. दर तासाला तो चिकटलेला आहे ना, हे बघायचं.

वॉर्ड खाली नेणं म्हणजे काय काय

कागदावर हा एका ओळीचा आदेश असतो, प्रत्यक्षात बऱ्याच गाठी सोडवाव्या लागतात. खालच्या मजल्यावर सहसा बाह्यरुग्ण विभाग, नोंदणी, औषधखिडकी असते आणि ती जागा सोडायला कुणी तयार नसतं. इथे वेळापत्रक कामी येतं. बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो आणि दुपारी रिकामा होतो. वरचा मजला सकाळी अकरापर्यंत सुसह्य असतो. ज्या कामाला चार तास लागतात ते वर न्यावं, चोवीस तास राहणाऱ्यांना खाली आणावं. आंधळेपणाने अदलाबदल करू नये एवढंच. गरोदर बायकांची तपासणी वर नेली आणि उद्‌वाहन बंद पडलं तर नववा महिना लागलेल्या बाईला तीन जिने चढावे लागतील.

जागा निवडताना लेबर रूम, शस्त्रक्रियागृह आणि एनआयसीयू एकमेकांपासून किती दूर पडतात, हे स्ट्रेचर ढकलून मोजावं. प्राणवायूची नळी आणि खाटेजवळची वीजजोडणी आहे का? संडास-न्हाणीघर किती, हे प्रसूतिवॉर्डात इतर वॉर्डांपेक्षा जास्त महत्त्वाचं. तळमजल्याचे स्वतःचे दोष आहेतच: डास, कुत्री-मांजरं, रुग्णवाहिकेचा धूर, पावसाळ्यात शिरणारं पाणी, आणि कुणीही आत येऊ शकतं ही नवजातांच्या सुरक्षेची बाब. म्हणून तीन मजली इमारतीत तळाऐवजी मधला मजला अनेकदा सरस ठरतो. छपराखालून निघालो, हेच खरं काम. त्याच्या खाली एक मजला की दोन, याने फार फरक पडत नाही.

मधल्या मजल्यावर गेलं तरी पश्चिमेची भिंत उरते. वरचा आडवा छज्जा दुपारी चारनंतरच्या तिरप्या उन्हाला काही करत नाही. आतला पडदा उपयोगी नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. आडोसा बाहेर हवा: बांबूची चिक किंवा हिरवी जाळी, खिडकीपासून वीतभर लांब, म्हणजे मधून हवा खेळती राहील. बाळाची खाट पश्चिमेच्या भिंतीला लावायची नाही, हा नियम फुकटात होतो.

रिकाम्या झालेल्या वरच्या मजल्यावर औषधांचा साठा नेण्याचा मोह बहुतेक ठिकाणी होतो. तो टाळावा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, बाकीची बरीच औषधं आणि साखर तपासायच्या पट्ट्या ३० च्या आत. चाळीस अंशांच्या कोठारात महिनाभर राहिलेलं इंजेक्शन दिसायला तसंच दिसतं, गुण मात्र गेलेला असतो. वर न्यायचं ते कागद, मोडकं सामान, फार तर प्रशिक्षणाचा वर्ग.

गच्चीचं काम

वॉर्ड हलवणं शक्यच नसेल तर गच्ची हाच उपाय उरतो, आणि तो मार्च संपायच्या आत व्हायला हवा. गुजरातेत चायना मोझॅक ही जुनी, गवंड्यांच्या हातात बसलेली पद्धत आहे. आपल्याकडेही जुन्या इमारतींवर ती दिसते. आधी सुटलेला डांबरी थर आणि भुसभुशीत प्लास्टर खरवडायचं. चोवीस तास पाणी भरून गळती कुठे आहे ते पाहायचं, कारण फरशीखाली अडकलेली गळती पुढे शोधता येत नाही. उतार शंभराला एक. त्यावर वीस-पंचवीस मिलिमीटरचा एकास चार सिमेंटचा माल, आणि तो ओला असतानाच पांढऱ्या चकाकीच्या फरशीचे दोन ते चार सेंटिमीटरचे तुकडे चकाकती बाजू वर ठेवून ठोकून बसवायचे. सांधे पांढऱ्या सिमेंटने भरायचे. कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटच्या मालाचा गोल उतार, म्हणजे वाटा, नाहीतर पाणी तिथेच मुरतं. सात दिवस ओलं ठेवायचं. एवढ्या थराचं वजन चौरस मीटरला साठ-सत्तर किलो होतं. खाली विटांचा नवा कोबाही घालणार असाल तर ते अडीचशेच्या पुढे जातं. जुन्या इमारतीत संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय कोबा घालू नये.

पैसे नसतील तर चुन्याची सफेदी. चुना भिजवून गाळायचा, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि चिकटद्रव्य घालून दोन हात द्यायचे. एक उन्हाळा जातो, पावसाने धुऊन निघते, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा. अहमदाबादने २०१७ पासून वस्त्यांमधल्या घरांच्या छपरांसाठी हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला.

कूलर, एसी आणि एकाच खोलीतली तीन शरीरं

कोरड्या मे महिन्यात कूलर चांगलं काम करतो. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २८ च्या आसपासची हवा देतो. जूनमध्ये ढग आले, ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता झाली, की तोच कूलर ३१-३२ अंशांची चिकट हवा फेकतो आणि घाम वाळणं थांबतं. त्याला समोरची खिडकी उघडी लागते. वॉर्डात धूळ येते म्हणून ती बंद केली की मे महिन्यातही दमटपणा साचतो. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासून वाळवायची, नाहीतर डेंग्यूचे डास वॉर्डातच पैदा होतात. लेबर रूम, शस्त्रक्रियागृह आणि एनआयसीयूत कूलर नको. ओल्या जाळीवरून येणारी हवा तिथे चालत नाही.

एसी बसवला की दुसऱ्या टोकाची चूक होते. सिझेरियन करणारे डॉक्टर गाऊन, मास्क, हातमोजे घालून दिव्याखाली उभे असतात, त्यांना २० अंश हवे असतात. टेबलावरच्या बाईला पाठीत भूल दिलेली असते, तिचं शरीर उष्णता धरून ठेवू शकत नाही, ती थडथडते. आणि ओलं बाळ ३७ अंशांतून या खोलीत येतं. बाहेर ४५ अंश असताना आत बाळ गारठतं, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी उन्हाळ्यात घडतं. प्रसूतीच्या खोलीसाठी २५ ते २८ अंश आणि वाऱ्याचा झोत नाही, हा निकष बाळासाठी आहे. तो डॉक्टरांच्या सोयीचा नाही. मध्यम मार्ग असा: चीर देण्याच्या वेळी एसी २५ वर आणायचा, वॉर्मर पंधरा-वीस मिनिटं आधी चालू करायचा, दोन कोरडी गरम केलेली फडकी तयार ठेवायची, बाळ पुसून एक ओलं फडकं लगेच काढून टाकायचं. बाळाला खोलीबाहेर नेल्यावर डॉक्टरांनी एसी पुन्हा खाली आणावा.

इशारा कुणाचा

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. तो दक्षिण आशियातला पहिला. त्यात ४१.१ ते ४३ अंशांना पिवळा, ४३.१ ते ४४.९ ला नारिंगी आणि ४५ किंवा त्याहून जास्त असेल तर लाल इशारा. शहरासाठी ही मांडणी योग्य आहे. पण शारदाबेनच्या नोंदी सांगतात की छपराखालच्या नवजातांना ४२ च्या पुढेच त्रास होऊ लागतो, म्हणजे शहर अजून पिवळ्यात असताना. लाल इशाऱ्याची वाट पाहणारा प्रसूतिवॉर्ड तीन अंश उशिरा जागा होतो. शिवाय शहराचं तापमान वेधशाळेच्या सावलीतल्या पेटीत मोजलेलं असतं, तुमच्या पश्चिमेच्या खाटेवर नाही.

म्हणून वॉर्डाला स्वतःचा इशारा हवा. काळ्या गोळ्याचे तीन तापमापक: मधल्या खाटेजवळ, पश्चिमेच्या भिंतीजवळ आणि जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात. नोंद सकाळी आठ, दुपारी बारा, चार, रात्री आठ आणि मध्यरात्री, रोज, १५ मार्च ते ३० जून. गोळा ३२ दाखवू लागला की टोपरी, मोजे, दुपटी काढायची आणि भेटीला खाटेमागे एकच माणूस. ३५ ला दर चार तासांनी सगळ्या बाळांचं काखेतलं तापमान, पश्चिमेच्या खाटा रिकाम्या. ३७ ला अपुऱ्या दिवसांची आणि अडीच किलोखालची बाळं त्यांच्या आयांसह ठरलेल्या थंड खोलीत हलवायची, आणि त्या खोलीची किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे असायला हवी, अधीक्षकांच्या कपाटात नाही.